सात नंबरची खुंटी

२ जून १९९७, सोमवार

शेवटी काम मिळालं! धनसुखभाईंनी मला आणि विकासला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की मागावर नक्षी विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचं कार्ड आपणच बनवायचं. कार्ड विकासचं, ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझा. परदेशी सिस्टीम घ्यायची नाही, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स वापरायचं. अट एकच. बमरोलीच्या शेडमध्ये माग सलग तीन दिवस आणि तीन रात्री चालला पाहिजे, मध्ये एकदाही कॉम्प्युटर बंद पडता कामा नये. मुदत एकतीस जुलै. नाही जमलं तर विभाग बंद, आणि विभाग म्हणजे आम्ही दोघंच. "बोंतेर कलाक, छायाबेन. पछी पेंडा हुं खवडावीश," म्हणाले. बहात्तर तास भरले की पेढे त्यांच्याकडून. बाहेर आल्यावर विकासने विचारलं, "तू कधी ड्रायव्हर लिहिलायस?" मी म्हटलं, "तू कधी कार्ड केलंयस?" मग दोघं चहा प्यायला गेलो.

घरी आले तर दारात पत्र्याची पेटी आणि तिच्यावर बसलेला चाळिशीचा माणूस. लोटू नाव, शिंदखेड्याकडचा, इथे सुरतेत, उधन्यात मागावर लागलाय. आमच्या खानावळीत जागा हवी होती. मायने त्याला पोटभर जेवू घातलं आणि खुंटी नाही म्हणून परत पाठवलं.

खुंटी आहे. सात नंबरची. गेली पावणेतीन वर्षं तिच्यावर राघोकाकाची पिशवी आणि निळा शर्ट लटकतोय, आणि राघोकाका गावी.

मी बोलले तेव्हा माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे ती खुटी. तुले काय अडचन शे तिनी?" मला कशाची अडचण. 

५ जून, गुरुवार

दिवसभर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड वाचला. छापून काढलेला गठ्ठा मागाच्या दोऱ्याने बांधलाय. आज डोक्यात जे बसलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन.

विकासच्या कार्डावर चार मेगाबाइट मेमरी आहे. तिच्यात नक्षीची एकेक ओळ लिहायची, म्हणजे कार्ड त्याप्रमाणे मागाचे हुक वर-खाली करतं. पण ती मेमरी कॉम्प्युटरची स्वतःची नव्हे, पाहुण्याची. कर्नलला थेट तिथे जाता येत नाही. आधी स्वतःच्या पत्त्यांमधली चार मेगाबाइटची मोकळी जागा शोधायची आणि ती कार्डाशी जोडायची. मग त्या जागी लिहिलेलं कार्डावर पोचतं. याला मॅपिंग म्हणतात. काम संपलं की जोडणी सोडायची, जागा पुन्हा मोकळी.

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खुंट्यांसारखंच आहे म्हणा. भिंतीवर अठरा खुंट्या, खाली ऑइलपेंटने नंबर. माणसं दोन पाळ्यांतली, त्यामुळे अंथरुणं नऊच. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणावर पडतो. ताट-वाटी सगळ्यांची. स्वतःची म्हणून प्रत्येकाला खुंटी तेवढी मिळते. तिच्यावर दुसऱ्याने टॉवेलसुद्धा टाकायचा नाही हा मायचा नियम. दुसरा नियम उंबऱ्याचा. आतली स्वयंपाकाची खोली आम्हा दोघींची, तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही. ताटं उंबऱ्यावरून जातात आणि उंबऱ्यावरूनच परत येतात.

बाबा वारले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर मायने हे सुरू केलं, आणि पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी राघोकाका एक.

११ जून, बुधवार

चाललं! ऑफिसातल्या छोट्या मागावर पहिली किनार विणली गेली. तीन बोटं रुंदीची, साधी वेलबुट्टी, पण मी हात लावून लावून पाहत होते. विकासने पेढ्यांची आठवण काढली. बहात्तर तासांचं काय ते नंतर बघू.

किनार बघताना राघोकाका फार आठवला. तो जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्यांच्या शेडमध्ये जुनं जॅकार्ड होतं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं. फाटके पुठ्ठे तो मला आणून द्यायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. उंबऱ्याच्या पलीकडे तो, अलीकडे मी, मध्ये पुठ्ठा. "भोक शे तठे दोरा वर, नही तठे खाले. बस, इतलंच." डिप्लोमाच्या पहिल्या वर्गात सरांनी फळ्यावर एक आणि शून्य लिहून खूप वेळ समजावलं. सगळी मुलं वह्या उघडून बसली होती आणि मला हसू येत होतं. हे तर मला उंबऱ्यावर बसून येत होतं.

डिप्लोमाचा फॉर्म भरायलाही तोच सायकलवरून घेऊन गेला होता. माय म्हणाली होती, शिकून काय करशील. त्याने आतल्या दिशेने फक्त एवढंच म्हटलं, "उषाबाई, पोरगी हुशार शे." मायने पुन्हा विषय काढला नाही.

१५ जून, रविवार

सुटी. बाहेरची खोली झाडली. उधन्यात राहायचं म्हणजे सुताची कस, मागांवरून उडणारी तंतूंची धूळ, खायची. ती दाराच्या फटीतून येते आणि दोन दिवसांत सगळ्यावर पांढरा थर बसतो. सतराच्या सतरा खुंट्यांवरचे कपडे झटकले, शिंका देऊन देऊन नाक लाल झालं. सात नंबरच्या शर्टावर मात्र कस नव्हती. भिंतीचा तो कोपरा आडोशाचा असावा.

अठरापैकी आता जुनं कोणीच नाही. प्लेगच्या वेळी सगळे पळाले. चौऱ्याण्णवचा सप्टेंबर होता. आख्खं सुरत तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे निघालं होतं. राघोकाकाने आम्हा दोघींना उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीत खिडकीतून आत ढकललं, अक्षरशः. मायची चप्पल फलाटावर राहिली, ती त्याने गाडीबरोबर धावत येऊन दिली. स्वतः दुसऱ्या दिवशी निघाला. जाताना पिशवी आणि शर्ट मुद्दाम ठेवून गेला, आठ दिवसांत यायचंच होतं. आम्ही महिन्याने परतलो. तिकडे त्याच्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला, आणि शेती, गुरं, भावाची पोरं सगळं त्याच्यावर पडलं. त्याचं स्वतःचं लग्न कधी झालंच नाही.

दर महिन्याला त्याचं पोस्टकार्ड यायचं. मायला वाचता येत नाही, मी वाचून दाखवायचे. पाऊसपाणी, भावाची तब्येत, आणि शेवटी नेहमी तेच: खुंटी ठेवा. माय मला उत्तर सांगायची. तेही नेहमी तेच: खुंटी आहे. एकदा मी वैतागून म्हटलं, माय, पंधरा पैसे खर्चून दोन शब्द काय पाठवतेस, काहीतरी अजून सांग. ती म्हणाली, इतलंच लिव.

गेल्या दिवाळीपासून पोस्टकार्डं बंद झाली.

२३ जून, सोमवार

शनिवारी सकाळी बमरोलीला मशीन लावलं. आज पहाटे बंद. चाळीस तास. धनसुखभाई: "पाछुं बंध?" पहिल्यांदाच बंद पडलं होतं, पण त्यांना 'पाछुं', म्हणजे पुन्हा, म्हणायची सवय आहे.

२८ जून, शनिवार

पुन्हा चाळीस तास. विकास म्हणतो व्होल्टेज. मी म्हणते उष्णता. शेडमालक म्हणतो कॉम्प्युटरला नजर लागली, आणि त्याने मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मी काढली नाही. उपयोग झाला तर झाला.

३० जून, सोमवार

लिंबाचा नाही, शेडमधल्या फेऱ्यांच्या नोंदवहीचा उपयोग झाला. नक्षीचा एक फेरा दहा मिनिटांचा. दर फेऱ्याला प्रोग्राम नव्याने कार्ड उघडतो. दोन्ही वेळा मशीन बंद पडलं ते दोनशे बेचाळिसाव्या उघडण्याला! उष्णता इतकं अचूक मोजत नाही.

चूक माझीच. दर वेळी उघडताना मी नवं मॅपिंग घेते आणि बंद करताना सोडत नाही. चार-चार मेगाबाइटच्या दोनशे एकेचाळीस जागा अडवून बसले, कर्नलकडचे पत्ते संपले. नंतरच्याला जागाच नाही. कोणी वापरत नाही, पण सगळं अडलेलं.

घरी येताना रस्ताभर हेच डोक्यात. जो गेला त्याची जागा सोडायला हवी. साधी गोष्ट, आणि ती न केल्याने सगळं ठप्प होतं.

३ जुलै, गुरुवार

ड्रायव्हर दुरुस्त केला. आता एकच मॅपिंग. आधीच घेतलेलं असेल तर तेच वापरायचं, आणि बंद करताना सोडून द्यायचं. ऑफिसात पाचशे वेळा उघड-बंद केलं, सुरळीत.

माय कालपासून दोंडाईच्याला गेलीय, मावशीच्या सासूच्या दहाव्याला. स्वयंपाक मी करतेय. भाकरी गोल होत नाहीत आणि सतरा माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, बिचारी.

लोटू पुन्हा आला होता. महिनाभर शेडच्या जिन्याखाली झोपतोय. पाठीवर पुरळ उठलंय. मी विचार केला आणि त्याला सात नंबर दिला. राघोकाकाची पिशवी आणि शर्ट नीट घडी करून माळ्यावर ठेवला. आठ महिन्यांत ज्याचं साधं पोस्टकार्ड नाही, त्याच्यासाठी जिवंत माणसाने जिन्याखाली झोपायचं? मला मनापासून बरं वाटलं. एका आठवड्यात दोन दुरुस्त्या.

६ जुलै, रविवार

माय आली. पहिल्यांदा भिंतीकडे पाहिलं. लोटूचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा लटकत होता.

"कोनले इचारीसन ती खुटी दिधी तू?"

मी सगळं सांगितलं. लोटूचं पुरळ, आठ महिने, जागा. तिने ऐकून घेतलं. मग फक्त विचारलं, "पिशवी कोठे शे?" माळ्यावर म्हटल्यावर माझी वाट न बघता स्टूल घेऊन स्वतः चढली.

लोटूला तिने काढलं नाही. रात्री त्याच्या ताटात इतरांसारख्याच तीन भाकरी. मला मात्र वाढताना "जेवी ले" एवढंही म्हणाली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ जुलै, बुधवार

बमरोलीला सहा तासांत बंद. सहा!

आणि या वेळी नुसतं बंद नाही. कर्नलच कोलमडला. पडद्यावर आकड्यांच्या ओळी. कार्डाकडे नवी ओळ येईना, म्हणून ते शेवटची ओळच पुन्हा पुन्हा देत राहिलं, माग आपला चालूच. साडीवर कैरीचं देठ दीड हात लांब विणलं गेलं. कारागीर हसत होते. धनसुखभाई हसले नाहीत. देठ बोटाने मोजत म्हणाले, "आ शुं छे, बेन?"  येताना बसमध्ये रडू आलं. घरी सांगायला कोणी नाही, माय अजून गप्प.

११ जुलै, शुक्रवार

आज बमरोलीला विजेची सुटी, म्हणून घरीच कागद घेऊन बसले. दुपारी माय दळणाला गेली होती. काडेपेटी शोधायला आत गेले तर चुलीच्या बाजूच्या भिंतीवर, मायच्या लुगड्याच्या खुंटीशेजारी, नवीन खिळा ठोकलेला. त्याच्यावर राघोकाकाची पिशवी. आणि निळा शर्ट, ओला. कॉलरला अजून साबणाचा वास.

मी शर्ट हातात धरून उभी राहिले. कॉलर धुऊन धुऊन विरलीय. हे एका धुण्याचं काम नाही. जूनमध्ये त्याच्यावर कस नव्हती तेव्हा मी आडोसा म्हणून लिहून मोकळी झाले होते. या वहीत आहे ते, आत्ताच काढून पाहिलं. आणि त्याच्याखाली मीच लिहिलेलं: खुंटी ठेवा, खुंटी आहे. दोन वर्षं मी स्वतः वाचून दाखवत होते, स्वतः लिहून देत होते. हुशार पोरगी म्हणे!

मला स्वतःची फार लाज वाटली. तो इथे नाही म्हणून खुंटी कोणी वापरत नाही असं मी धरलं. माय वापरत होती.

मग तशीच कागदांपाशी आले आणि कार्डाचंही दिसलं. कार्ड एकटा विणणारा प्रोग्राम उघडत नाही. विकासचा छोटा प्रोग्रामही उघडतो, पडद्यावर किती विणलं ते दाखवायला. शेडमध्ये कोणीतरी तो बंद केला. त्याचं काम संपलं म्हणून माझ्या ड्रायव्हरने मॅपिंग सोडून दिलं, आणि दुसरा तिथेच लिहीत होता! ऑफिसात मी एकच प्रोग्राम लावून पाचशे वेळा तपासलं. सोडण्याआधी किती जण वापरताहेत ते मोजायला हवं. उघडलं की आकडा एकाने वाढवायचा, बंद केलं की एकाने कमी करायचा, आणि शून्य झालं तरच जागा मोकळी करायची. चार ओळींचं काम.

माय दळण घेऊन आली. मी म्हटलं, "माय, माझं चुकलं." ती डबा खाली ठेवत म्हणाली, "लोटूनं पुरळ बरं व्हयनं का?" मी म्हटलं, होतंय. "मंग चांगलं व्हयनं," म्हणाली, आणि पीठ चाळायला बसली.

१२ जुलै, शनिवार

बमरोलीला नवा ड्रायव्हर चढवला. सकाळी आठ वाजता सुरू.

मायला न सांगता राघोकाकाला पोस्टकार्ड लिहिलं. आम्ही बऱ्या आहोत, मला काम लागलं, तुम्ही शिकवलेलं भोक आणि दोरा रोज लागतं, पत्र का नाही. खुंटीचं काय लिहावं सुचेना. दिली म्हणवेना, आहे म्हणून खोटंही लिहवेना. म्हणून खुंटीबद्दल लिहिलंच नाही.

१५ जुलै, मंगळवार

आठ वाजले. बहात्तर तास! त्र्याहत्तरावाही होऊन गेला. कोणी बंद करायला तयार नाही, माग आपला चाललाय. छोटा प्रोग्राम मी मुद्दाम पन्नासदा उघडून बंद केला. धनसुखभाईंनी पेढे आणले. खोकं खोलायच्या आधी त्यांनी कैरीचं देठ मोजलं. बरोबर होतं.

चार पेढे घरी आणले. मायने एक देवापुढे ठेवला, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला. चौथा डब्यात ठेवला. 

३ ऑगस्ट, रविवार

पोस्टमन काल संध्याकाळी कार्ड टाकून गेला होता, लोटूने आज सकाळी दिलं. अमळनेरचा शिक्का. माय भाकरी थापत होती, तिच्याजवळ बसून वाचलं. उतरवून ठेवते.

'चि. छायास आशीर्वाद. वैशाखात भाऊ वारला. पोरं आता शेती सांभाळतात. दिवाळीपासून लिहिलं नाही याचं कारण असं, की येणं होत नाही आणि खुंटी अडवून ठेवतो, हे बरं दिसेना. तुझ्या आईला दुसरा माणूस ठेवता आला असता. तू खुंटीचं काही लिहिलं नाहीस, त्यावरून दिली असं समजतो. राग नाही. शर्ट जुनाच होता. तरी एकदा विचारतो, खुंटी आहे का?'

तव्यावरची भाकरी करपली. आजवर मायची भाकरी करपलेली मी पाहिली नाही. तिने ती काढून बाजूला टाकली, पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

"लिव," म्हणाली.

मी कोरं पोस्टकार्ड आणलं. काय सांगणार ते मला पाठच होतं.

"खुटी शे म्हनीसन लिव."

लिहिलं. हात थांबवून तिच्याकडे पाहिलं, कारण बाहेर भिंतीवर लोटूचा सदरा लटकत होता. तिलाही ते माहीत होतं.

"सात नंबर नही म्हनीसन लिव."

"मग कोणती लिहू, माय?"

तिने परातीतला गोळा हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता थापायला लागली. कान लाल झाले होते. "मझार शे," म्हणाली.

मी लिहिलं: खुंटी आहे. सात नंबरची नाही. उंबऱ्याच्या आत आहे.

उद्याच्या टपालापर्यंत थांबवेना. उधना स्टेशनवर जाऊन तिथल्या पेटीत टाकून आले.